वटवाघळांचा आवाज ऐकायला डिटेक्टर कोणता घेऊ? (बजेट 8000, नागपूर)

महालवाली: नमस्कार मंडळी. आमच्या महाल भागातल्या वाड्याच्या कवेलूंखालून दिवेलागणीला बारकी वटवाघळं निघतात, परवा मोजली तर साठच्या वर गेली. मी आठवीला विज्ञान शिकवते, 20 किलोहर्ट्झच्या वरचं माणसाला ऐकू येत नाही एवढं सांगून पुढं जावं लागते. पोरांना तो आवाज तिथल्या तिथं ऐकवायचाय. 8000 च्या वर एक रुपया नाही.

निशाचर: ताई डोळे मिटून ऑडिओमॉथ घ्या, अल्ट्रासाऊंड रेकॉर्ड करणारी छोटी डबी आहे. सेकंदाला 384000 वेळा आवाज मोजते, म्हणजे त्याच्या निम्म्या 192 किलोहर्ट्झपर्यंत सगळं पकडते. तीन एए सेल टाका, गच्चीत बांधा, सकाळी कार्ड काढा. कार्ड मोठं घ्या पण, फुल रेटला मिनिटाला 46 एमबी खाते, माझं पहिलं कार्ड पहाटेच्या आधीच भरलं होतं.

महालवाली: दादा हे रेकॉर्ड करते ना? मला लाइव्ह पाहिजे.

निशाचर: त्यात यूएसबी माइकचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, टाकून लॅपटॉपला लावा ना, आवाज स्क्रीनवर दिसते. ऐकण्यापेक्षा पाहण्यातच खरी मजा आहे.

रामदासपेठकर: इको मीटर टच 2 घ्या, सरळ फोनला लागते. बजेटात नाही बसत पण एकदाच घ्यायची वस्तू आहे, मी तर बाहेरून मागवला, कस्टमचे वेगळे भरले. जातीचं नावही सुचवते.

हिंगणा_मेंटेनन्स: आमच्याकडे कंप्रेसरच्या लाइनची गळती शोधायला अल्ट्रासॉनिक गन आहे, 40 किलोहर्ट्झवर. सुईएवढ्या भोकातली हवा कानात फस्सकन येते. एकदा शेडमध्ये रात्री टकटक ऐकू आली, वर पाहतो तर वटवाघूळ! तसलीच पाहा.

निशाचर: भाऊ ती 40 च्या आसपासच ऐकते. 100 च्या वर बोलणाऱ्या जाती सुटून जातील.

धरमपेठ_72: आमच्या चिंचेवर मोठाली वटवाघळं लटकून राहतात, रात्रभर कलकलाट, त्याला कुठलं मशीन लागते?

निशाचर: काका ती फळं खाणारी. ती डोळ्यांनी अन् वासानं वाट काढतात, त्यांचा कलकलाट आपल्या कानांनाच ऐकू येते.

पस्तावलेला: स्वस्तातलं ऑनलाइन अजिबात घेऊ नका बाप्पा. मी 3000 ला घेतलं, चाव्या वाजवल्या तरी ढिम्म, अन् दुकानदार परत घेईना.

सोल्डर_काका: चाव्यांची टेस्ट बरोबर आहे, जुडगा हलवला की अल्ट्रासाऊंड निघतेच. ताई, तुम्हाला हेटरोडाइन पाहिजे, म्हणजे वरचा आवाज आपल्या कानाला ऐकू येईल इतका खाली उतरवणारा डिटेक्टर. डायल 45 वर ठेवली अन् वटवाघूळ 47 वर ओरडलं तर फरकाचा 2 किलोहर्ट्झ स्पीकरमधून येते, त्याच क्षणी. एका वेळी एकच पट्टा ऐकू येते, रेकॉर्डिंग नाही, पण वर्गाला हेच. जवळ उभे राहा, एवढ्या वरच्या पट्टीचा आवाज हवेत लवकर विरते.

रामदासपेठकर: तरी सांगतो, टच 2 च घ्या.

महालवाली: सगळ्यांचे आभार. तयार काहीच घेत नाही आहे. हेटरोडाइनचं किट मागवलं, बाकीचं बर्डीच्या बाजारातून आणते. शनिवारी पोरंच सोल्डर करतील. काका, डायलवर किलोहर्ट्झचे आकडे कसे लिहू तेवढं सांगा, किटमध्ये नुसता कोरा नॉब आहे.