गच्चीवरचं सोलर: पैसे वसूल झाले का? अनुभव लिहा

कोथरूडला आमचा जुना बंगला आहे. खाली आईबाबा, वर आम्ही. दोन एसी, गीझर, पाण्याचा पंप. थंडीत बिल दोन हजारांच्या आत, एप्रिल-मेमध्ये चारच्या वर. २०२४ च्या फेब्रुवारीत घरावर सोलर बसवायला सबसिडी देणारी केंद्र सरकारची सूर्यघर योजना आली तेव्हापासून आठवड्याला एक तरी फोन येतो, "सर, बिल झिरो!" ज्यांनी सोलर बसवून निदान एक पावसाळा काढलाय, त्यांनी आकड्यांसकट लिहा. विकणाऱ्यांनी कृपया गप्प बसावं.

सातारा
३ किलोवॅट, सहा पॅनेल. एकूण खर्च १,९५,०००. सबसिडी ७८,०००, पण ती सगळं बसून, मीटर लागून झाल्यावर खात्यात आली. म्हणजे आधी पूर्ण रक्कम आपल्याच खिशातून. रोज संध्याकाळी मी इन्व्हर्टरवरचा (पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणारं यंत्र) त्या दिवशी बनलेल्या युनिटांचा आकडा कॅलेंडरवर टिपतो, बायको दुधाचा हिशेब लिहिते त्याच चौकोनात. मार्च-एप्रिलमध्ये १३-१४ युनिटं, जुलैत एका दिवशी २.८! महिन्याला सरासरी २,२०० वाचतात, म्हणजे सबसिडी वजा जाता साडेचार वर्षांत वसूल. बिल मात्र झिरो होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो.

एक गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. आपण न वापरलेली वीज तारेतून परत जाते आणि महावितरणकडे जमा झालेली ही युनिटं पुढच्या महिन्यात वापरता येतात, पण मार्चअखेर खातं मिटतं आणि उरलेल्या युनिटांना आपण भरतो त्याच्या मानाने फारच कमी दर मिळतो. तेव्हा "मोठं बसवा, कमाई होईल" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

रत्नागिरी
आमचा अनुभव कडू आहे. वादळात दोन दिवस लाइट नव्हती. तिसऱ्या सकाळी लख्ख ऊन पडलं, वर पॅनेल चकाकतायत आणि घरात पंखा फिरेना. फ्रीझरमधला आंब्याचा रस आणि सुरमई, दोन्ही टाकून द्यावं लागलं. फोन केला तर बसवणारा म्हणतो, "काका, ऑनग्रिड आहे ना, असंच असतं." ऑनग्रिड म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं. लाइट गेली की हा इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो, नाहीतर आपली वीज तारेत जाऊन खांबावरच्या वायरमनला शॉक बसेल. कारण पटलं, पण हे विकताना सांगायला काय झालं होतं? बॅटरीवाला इन्व्हर्टर हवा तर तो बराच महाग पडतो.

आणि किनाऱ्यावर राहत असाल तर सांगाड्याचे नटबोल्ट आधी बघा. आमचे वर्षात तांबूस झाले.

नागपूर
आमच्याकडे ऊन म्हणजे नुसता सुकाळ, तर मेमध्ये मीटर पळेल असं वाटलं होतं. मार्चएवढंही नाही! पॅनेल तापलं की वीज कमी बनते, हे नंतर कळलं. तरी दोन कूलर आणि एसी बिनधास्त चालतात, मी खूश आहे. माकडांचं मात्र काही सुचवा.

कोल्हापूर
मी एकटीच राहते. बिल पाचशेच्या आसपास, शंभर युनिटांच्या आतलं. भाचा मागे लागला होता, "मावशी, घे." मी पोस्टाच्या पासबुकाशेजारी कागद ठेवून गुणाकार केला. सगळं बिल वाचलं तरी वर्षाला सहा हजार. पहिल्या शंभर युनिटांचा दर मुळातच कमी असतो. ज्यांचं बिल वरच्या टप्प्यात जातं त्यांनी बसवावं. मी नाही बसवलं.

डोंबिवली
सोसायटीत लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी १० किलोवॅट बसवलं. सोसायट्यांना किलोवॅटमागे १८,००० मिळतात. पैशांपेक्षा अवघड होतं गच्चीचं राजकारण. किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट लागतात, म्हणजे पापड-कुरडयांची जागा गेली. तीन सभा त्यातच गेल्या. शेवटी सांगाडा आठ फूट उंच घेतला, खर्च वाढला, आणि आता सगळे त्याच्या सावलीत गप्पा मारत बसतात.

नाशिक
धुणं कोण करणार ते आधी ठरवा. धूळ आणि कबुतरं, पंधरा दिवसांत फरक दिसतो. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच पाणी मारा, तापलेल्या काचेवर नको. माझं वय ६८. शिडीवरून एकदा घसरलो, तेव्हापासून माणूस लावलाय, महिन्याला ३००. साताऱ्याच्या दादांनी हे हिशेबात धरलेलं दिसत नाही.

सातारा
नाशिकचे काका, बरोबर. मीच धुतो म्हणून धरलं नाही.

कोथरूड (धागा काढणारा)
सगळ्यांचे आभार. काल दुपारी तीनला गच्चीवर जाऊन खडूने सावलीची रेघ मारली. पश्चिमेचा बंगला पाडून तिथे सात मजली होतेय, आत्ता चौथा स्लॅब पडलाय. रेघ टाकीपर्यंत आली आहे. सोलरवाल्याने नकाशात शेजारी बंगलाच दाखवला होता. उद्या त्याला बोलावलंय, तीन वाजताच.