रँक पुरे म्हणे! मग मशीन कोण बघणार?

विक्रोळीकर:
काल एकाने इथे एमपीआयबद्दल (एक काम अनेक प्रोसेसमध्ये, अनेक मशीनवर वाटून चालवायची सोय) लिहिलं, "कुठली प्रोसेस कुठल्या मशीनवर आहे हे विचारणं म्हणजे नवशिक्यांचा चाळा. रँक (प्रोसेसचा क्रमांक) पुरे." वाचून चहा गार झाला. आमच्याकडे ४ नोड (म्हणजे मशीन), प्रत्येकी ८ कोर. होस्टफाइलमध्ये (कुठल्या नोडवर किती प्रोसेस बसवायच्या त्याची यादी) पहिल्या नोडपुढे कुणीतरी ८ च्या जागी ३२ स्लॉट टाकले. सगळ्या ३२ प्रोसेस त्यावरच चढल्या, संध्याकाळच्या कल्याण स्लोसारख्या. उत्तर बरोबर येत होतं, म्हणून दोन दिवस पत्ता नाही. शेवटी प्रत्येक रँकला एमपीआय_गेट_प्रोसेसर_नेमने आपल्या मशीनचं नाव छापायला लावलं. ३२ ओळी, नाव एकच.

निमूट:
ते लिहिणारा मीच. आणि तुमची चूक होस्टफाइलची, कोडमध्ये कशाला शोधता? एमपीआयरनला (प्रोग्राम सुरू करणारी कमांड) --डिस्प्ले-मॅप लावला असता तर कुठली प्रोसेस कुठे ते २ मिनिटांत दिसलं असतं.

कुर्ल्याची पोर:
नावावर तरी कसला भरवसा! आमच्या लॅबचे १२ पीसी एकाच डिस्क इमेजवरून क्लोन केलेले. होस्टनेम (मशीनचं नाव) सगळ्यांचं 'लॅबपीसी'. प्रोग्रामला वाटलं सगळा कारभार एकाच मशीनवर. चौथ्या रँकने चौथं जीपीयू (ग्राफिक्स चिप) मागितलं, ते त्या पीसीत नव्हतंच, आणि प्रोग्राम आपटला. नावं बदला म्हटलं तर म्हणे अर्ज द्या, सही आणा.

परळचा पंप:
नावं ठेवायची अक्कलच नाही कुणाला. मी नोडना दादर, परळ, भायखळा अशी नावं दिली होती. नव्या साहेबांनी नोड०१, नोड०२ केली. आता एखादा बंद पडला की रॅकवर बोट ठेवून मोजत बसा.

निमूट:
५०० नोड असते तर कर्जत ओलांडून पुण्यात गेला असतास.

परळचा पंप:
हार्बर आहे, वेस्टर्न आहे! तू कधी ट्रेनने फिरलायस का?

कुर्ल्याची पोर:
मग दादर कुठलं, सेंट्रलचं की वेस्टर्नचं? हेच तर माझं रडगाणं.

विक्रोळीकर:
धागा प्रोसेसचा आहे, रेल्वेचा नाही.

परळचा पंप:
कल्याण स्लो कुणी आणली?

निमूट:
बरं बाबा, ऐका. नावं जुळवत बसू नका. एमपीआय_कॉम_स्प्लिट_टाइप वापरा, २०१२ च्या एमपीआय ३ पासून आहे. मेमरी शेअर करू शकणाऱ्या, म्हणजे एकाच मशीनवरच्या, प्रोसेसचा एक गट पडतो. गटातल्या रँकवरून जीपीयू निवडा.

विक्रोळीकर:
म्हणजे मशीन विचारलंतच की!

निमूट:
नाव न घेता.

विक्रोळीकर:
आमची आजी आजोबांना "अहो, ऐकलंत का" म्हणायची, तसलं. मी लॉगच्या पहिल्या ओळीत नावच छापणार.