तीन गणितं, तिन्हींची उत्तरं चुकतायत. नेमकं कुठे?

१) गुणांचे वर्ग १०–१९, २०–२९, ३०–३९, ४०–४९, ५०–५९. वारंवारता अनुक्रमे ५, ९, १४, ८, ४. मध्यक काढा. माझं उत्तर ३३.८६, दिलेलं ३३.७९.
२) १२ सेमी व्यासाच्या वृत्तचिती भांड्यातल्या पाण्यात ६ सेमी व्यासाचा भरीव गोळा पूर्ण बुडवला. पाणी किती चढेल? माझं २ सेमी, दिलेलं १ सेमी.
३) ०, १, २, ३, ४, ५ वापरून, अंक पुन्हा न घेता, तीन अंकी सम संख्या किती? माझं ६०, दिलेलं ५२.

उत्तर १
पहिल्यात खालची मर्यादा ३० आणि वर्गांतर ९ धरलंय, नाही का? ३० + (६ ÷ १४) × ९ केलं की बरोबर ३३.८६ येतं. हे वर्ग सलग नाहीत. १९ आणि २० मध्ये १ ची फट आहे. तिचा अर्धा भाग, म्हणजे ०.५, खालच्या मर्यादेतून वजा आणि वरच्या मर्यादेत मिळवायचा. ३०–३९ चा वर्ग २९.५–३९.५ होतो आणि वर्गांतर १०.

संचित वारंवारता ५, १४, २८, ३६, ४०. चाळीसचे निम्मे २०, म्हणून मध्यकवर्ग तिसरा. सूत्रात त्याच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता, म्हणजे १४, घ्यायची:
२९.५ + (२० − १४) ÷ १४ × १० = ३३.७९

इथे चुकून २८ घेतली तर २३.७९ येतं, म्हणजे मध्यक स्वतःच्याच वर्गाबाहेर! उत्तर वर्गात बसतंय ना, एवढं बघितलं तरी ही चूक सापडते.

एक अपवाद. पूर्ण झालेल्या वर्षांतलं वय असेल तर ३९ वर्षं ११ महिन्यांचा माणूसही ३०–३९ मध्येच येतो. तिथे वर्ग ३०–४० असाच धरणं योग्य.

उत्तर २
दुसऱ्यात दोन्हीकडे त्रिज्येऐवजी व्यास घातलाय. गोळ्याचं घनफळ त्रिज्येच्या घनावर चालतं, म्हणून ते ८ पट झालं. भांड्याच्या तळाचं क्षेत्रफळ वर्गावर, म्हणून ४ पट. भागाकार दुप्पट. एकाच जागी चुकला असतात तर ८ किंवा ०.२५ आलं असतं.

४/३ × पाय × २७ = पाय × ३६ × उंची. पाय दोन्हीकडून जातो, उंची १ सेमी. २२/७ आधीच घालून आकडे वाढवू नका.

उत्तर ३
तिसरं: एकक ३ प्रकारे, मग ५, मग ४, असं करून ६० आलं असणार. त्यात ०१२, ०३४ अशाही मोजल्या गेल्या. शतकस्थानी ० असलेल्या: एकक २ किंवा ४, दशक ४ प्रकारे, एकूण ८. ६० − ८ = ५२.
सरळ मोजायचं तर एककात ० असताना ५ × ४ = २०; एककात २ किंवा ४ असताना शतकासाठी ४ (० आणि तो अंक सोडून), दशकासाठी ४, म्हणून २ × ४ × ४ = ३२.

प्रश्नकर्ता
तिन्ही कळली. ती ०.५ ची दुरुस्ती मध्य आणि बहुलकालाही लागते का?

उत्तर १
बहुलकाला लागते, तिथेही खालची मर्यादा आहे: २९.५ + (१४ − ९) ÷ (२ × १४ − ९ − ८) × १० = २९.५ + ५ ÷ ११ × १० = ३४.०५. मध्याला फरक पडत नाही. ३०–३९ असो की २९.५–३९.५, वर्गमध्य ३४.५ च.