दुबईतल्या शाळेची ऑफर: 9,000 दिरहम हा योग्य पगार आहे का?

विज्ञानाची_तासिका:
दुबईतल्या एका खासगी शाळेकडून विज्ञान शिक्षक म्हणून ऑफर आली आहे. बेसिक 3,500, घरभाडं 3,500, प्रवास 1,000, इतर 1,000, असे एकूण 9,000 दिरहम. आठवड्याला 28 तासिका ‘आणि गरजेनुसार इतर कामे’. व्हिसाचा खर्च पहिल्या तीन पगारांतून कापला जाईल, असं एजंट सांगतो. सही करण्याआधी काय काय तपासायला हवं?

कलम_वाचा:
आधी बेसिककडे बघा. यूएईच्या कामगार कायद्यात ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, फक्त बेसिकवर मिळते. पहिली पाच वर्षं दर वर्षामागे 21 दिवसांचं बेसिक, त्यानंतर 30 दिवसांचं. किमान एक वर्ष पूर्ण झालेलं हवं. तुमच्या आकड्यांत 3,500 भागिले 30 गुणिले 21, म्हणजे वर्षाला 2,450 दिरहम, तीन वर्षांचे 7,350. एकूण पगार तोच ठेवून बेसिक 6,000 केलं तर तीन वर्षांचे 12,600 होतात. न घेतलेल्या रजेचे पैसे आणि ओव्हरटाइमसुद्धा बेसिकवरच मोजतात, म्हणून भत्ते फुगवून बेसिक लहान ठेवण्यात शाळेचा फायदा असतो.

‘एकूण रक्कम तीच राहू द्या, फक्त बेसिक वाढवून विभागणी बदला’ अशी मागणी ईमेलवर करा. महिन्याचा खर्च वाढत नसल्याने शाळेला ही मागणी मान्य करणं त्यातल्या त्यात सोपं जातं.

आणखी एक. 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार एक वर्षानंतर तुम्ही स्वतः राजीनामा दिलात म्हणून ग्रॅच्युइटीला कात्री लागत नाही. जुन्या नियमांवरून कोणी घाबरवलं तर लक्ष देऊ नका.

स्टाफरूम_कोपरा:
28 तासिका 45 मिनिटांच्या असतील तर 21 तासच होतात, वाचताना हलकं वाटतं. खरा भार बाहेर असतो: गैरहजर शिक्षकांचे बदली तास, बस ड्यूटी, मधल्या सुट्टीची ड्यूटी, वह्या, प्रयोगशाळेची तयारी. दिवसाचे नऊ तास आणि आठवड्याचे पाच दिवस धरले तर महिन्याचे साधारण 195 तास होतात, म्हणजे तासाला 46 दिरहम. दुसरी ऑफर हातात असेल तर तुलना या आकड्याची करा, महिन्याच्या रकमेची नको. बदली तास आठवड्याला जास्तीत जास्त किती, हे लेखी मागा. ‘गरजेनुसार’ हा शब्द तसाच राहिला तर वर्षभर तुमच्या रिकाम्या तासिका त्यातच जातील.

घरभाड्याचं वेगळंच गणित आहे. दुबईत भाडं बहुतेक वेळा पुढच्या तारखांच्या मोजक्या चेकने द्यावं लागतं. त्यावर डिपॉझिट आणि एजंटचं कमिशन. 3,500 चा भत्ता महिन्याला येतो, पण घरमालकाला पहिलाच चेक कित्येक महिन्यांचा हवा असतो. म्हणून भत्ता आगाऊ देतात का, की शाळेचंच घर मिळतं, ते विचारा. शाळेचं घर असेल तर खोली एकट्याची की वाटून, हेही विचारा.

कलम_वाचा:
व्हिसाबद्दल स्पष्ट सांगतो: भरतीचा खर्च कामगाराकडून थेट किंवा आडून वसूल करायला कायद्याने बंदी आहे. पगारातून कापणं हेसुद्धा त्यातच आलं. हे एजंटशी बोलत बसू नका, शाळेच्या एचआरला लिहा आणि उत्तर जपून ठेवा.

आणि शाळेच्या लेटरहेडवरचं पत्र पुरेसं धरू नका. मनुष्यबळ मंत्रालयाच्या, म्हणजे मोहरेच्या, नमुन्यातलं ऑफर लेटर मागा. नंतरचा करार त्याच्याशी जुळावा लागतो. अरबी आणि इंग्रजी मजकुरात फरक निघाला तर अरबी ग्राह्य धरतात, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे स्वतः पडताळा. आकडे वाचायला अरबी यावं लागत नाही.

विज्ञानाची_तासिका:
खूप आभार. बेसिक वाढवायला शाळेने नकार दिला तर काय मागावं?

स्टाफरूम_कोपरा:
सगळ्यात आधी उन्हाळ्याचा पगार. कराराची शेवटची तारीख 30 जून आहे की 31 ऑगस्ट, ते बघा. जूनमध्ये करार संपला तर जुलै आणि ऑगस्टचे 18,000 दिरहम हातचे जातात. बेसिकवरून होणाऱ्या नुकसानापेक्षा हे कितीतरी मोठं आहे. त्यानंतर विमानाचं तिकीट दरवर्षी की दोन वर्षांनी, आणि पदवीच्या अटेस्टेशनचा, म्हणजे ती खरी असल्याचे अधिकृत शिक्के घेण्याचा, खर्च. यूएईत अपोस्टिल (अनेक देशांत चालणारं एकच प्रमाणपत्र) चालत नाही, यूएईच्या दूतावासाचा शिक्का आणि नंतर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो, त्यामुळे खर्च बराच येतो. मुलं सोबत नेणार असाल तर फीमधली सवलत टक्क्यांत आणि किती मुलांना, ते लिहून घ्या.

कलम_वाचा:
पगार वेज प्रोटेक्शन सिस्टिममधून, म्हणजे पगार दिल्याची नोंद ठेवणाऱ्या सरकारी व्यवस्थेतून, बँकेत आला पाहिजे. पूर्ण पगार जमा करून त्यातली काही रक्कम रोख परत मागण्याचे प्रकार होतात. कागदावर पगार पूर्ण दिसत असल्याने असे पैसे नंतर सिद्ध करणं फार अवघड जातं. अशी मागणी आली तर रोख देऊ नका. मेसेज जपून ठेवा आणि मोहरेकडे तक्रार करा. पासपोर्टही शाळेकडे ठेवायला देऊ नका, तो ठेवून घेणं तिथे बेकायदा आहे.