मुलाखतीत तोंड उघडत नाही, क्लास लावू का? (बजेट २००० रुपये)

खानापूरचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, दहावीपर्यंत मराठी माध्यम. बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांत मुलाखती दिल्या. काम येतं, पण इंग्रजीत प्रश्न आला की मान खाली जाते आणि आवाज बसतो. पुढच्या महिन्यात चाकणला मुलाखत आहे, त्याआधी मोबाईलवर व्हिडिओ राउंड. क्लास लावू, की घरी काही करता येईल? २००० च्या वर जमणार नाही.

टिळकवाडीकर:
क्लास लावच. माझ्या मुलीला ९००० चा लावला होता, आता बंगळूरला चांगल्या पगारावर आहे. आणि एक ब्लेझर शिवून घे. आम्ही खडेबाजारातून कापड घेतलं होतं, अजून नव्यासारखं आहे. पैशाकडे बघू नकोस.

वडगाव_८८:
२००० म्हणतोय ओ तो! आणि क्लासचं मला सांगू नका. शहरातल्या एका क्लासनं पैसे आधीच भरून घेतले आणि ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं एकच उत्तर सगळ्या बॅचकडून पाठ करून घेतलं. मुलाखतीला माझ्या आधीचा पोरगा तेच बोलून आला. मला दुसऱ्या वाक्यालाच थांबवलं.

निपाणीवाला:
शब्दांना ७ टक्केच किंमत, बाकी ९३ टक्के देहबोली आणि आवाज. ताठ बस, हात घट्ट मिळव, डोळ्यात डोळे घालून बघ. इंग्रजी खपून जातं.

येळ्ळूरची_लेक:
दादा, ते ७-३८-५५ (शब्द ७, आवाज ३८, चेहरा ५५ टक्के) मुलाखतीसाठी नाहीच. मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग सुटे शब्द ऐकवून, चेहऱ्यांचे फोटो दाखवून केलेले. बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढंच त्यात बघितलं होतं. टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते) म्हणजे काय विचारल्यावर ताठ बसून उत्तर मिळतं होय?

निपाणीवाला:
आमच्या ट्रेनिंगमध्ये हेच शिकवलंय. मला नोकरी लागली की ओ त्याच्यावर.

फाउंड्रीवाले_काका:
बाळा, मी टेबलाच्या पलीकडे बसतो, म्हणून सांगतो. मध्ये एक पोरगा आला होता, फाईलची चेन सारखी उघडझाप करत होता, ‘येस सर’च्या पुढं जाईना. मी ड्रॉवरमधला व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, त्याच्या हातात दिला. म्हणाला, लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी. आणि सुटलाच! झिरो एरर कशी बघायची, जॉब (मापायचा तुकडा) कुठं धरायचा, सगळं मोडक्या इंग्रजीत, पण माझ्याकडे बघून. घेतला त्याला. तू तुझ्या प्रोजेक्टचं ड्रॉइंग बरोबर ने, विचारून टेबलावर पसर आणि त्यावर बोट ठेवून बोल. काम काय होतं, अडचण काय आली, तू स्वतः काय केलंस, शेवटी काय झालं, या क्रमानं सांग. प्रश्न कळला नाही तर ‘सर, परत सांगाल का’ म्हण. त्यानं कुणी मार्क कापत नाही. दोघं-तिघं समोर असतील तर विचारणाऱ्याकडे बघून सुरू कर, मग बाकीच्यांकडे पण नजर जाऊ दे. एकालाच टक लावून बघू नकोस, समोरच्याला अवघडायला होतं.

बेळगावी_कुंदा:
उद्यमबागेत राहायचं तर आधी कन्नड शीक. शॉप फ्लोअरवर, कारखान्यात मशीनपाशी, अर्धं काम त्यातच चालतं.

वडगाव_८८:
तो चाकणला चाललाय ओ. आणि आमच्या शॉपमध्ये मराठीच चालते.

बेळगावी_कुंदा:
तुमच्या शॉपमध्ये चालत असेल. शिकला म्हणून काय बिघडतं?

येळ्ळूरची_लेक:
व्हिडिओ राउंडचं राहिलंच की! मोबाईल डब्यांच्या चळतीवर ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आण. खिडकी पाठीमागं नको, समोर पाहिजे. बोलताना स्क्रीनवरच्या चेहऱ्याकडे नाही, कॅमेऱ्याकडे बघ. रोज एक उत्तर रेकॉर्ड कर. एकदा आवाज बंद करून बघ, हात कुठं जातात ते दिसतं. एकदा नुसतं ऐक, वाक्याचा शेवट गिळतोस का ते कळतं. पैसा लागत नाही.

शहापूर_पेठ:
वर सगळ्यांनी सांगितलंच आहे. क्लास लाव, ब्लेझर घे.

खानापूरचा_पोरगा:
सगळ्यांचे आभार. काका, ड्रॉइंग नक्की नेतो. ताई, रेकॉर्डिंग आजपासून सुरू. पण क्लास नाही, ब्लेझर नाही, कन्नड नंतर बघू. ते २००० मी आदल्या दिवशी जाऊन चाकणला लॉजवर राहायला ठेवलेत. रात्रभर बसमध्ये जागून थेट मुलाखतीला गेलं की माझा घसा धरतो. झोप झाली की मी बोलतो.

टिळकवाडीकर:
लॉजवर पैसे घालवण्यापेक्षा ब्लेझर वर्षानुवर्षं टिकला असता.

वडगाव_८८:
बसनं कशाला, पुण्यापर्यंत रेल्वेनं जा. तिकीट मात्र आत्ताच काढ, सुट्टीला लागून तारीख आली तर मिळायचं नाही.