प्रतिसाद: पाणी पिताना ठसका आणि स्पीच थेरपिस्ट

वर विचारलंय की पक्षाघातानंतर वडील नीट बोलतात, भातही खातात, फक्त पाण्याने ठसका लागतो. मग डॉक्टरांनी स्पीच थेरपिस्टकडे का पाठवलं? कारण जीभ, ओठ, टाळू, स्वरयंत्र हे बोलायला लागतं तसंच गिळायलाही लागतं. गिळण्याचे विकार हे स्पीच थेरपिस्टचंच काम आहे.

पाणी घशात झरकन उतरतं. श्वासमार्ग बंद व्हायला जरा उशीर झाला, की ते श्वासनलिकेत शिरतं. मऊ भाताचा घास सावकाश सरकतो, तेवढी सवड मिळते.

पण ठसका लागत नाही म्हणजे सगळं ठीक, असं कृपया समजू नका. काहींच्या घशातली संवेदनाच कमी झालेली असते. अन्न श्वासनलिकेत जातं आणि खोकला येतच नाही. जेवणानंतर आवाज ओला, घरघरता होणं, वारंवार ताप किंवा न्यूमोनिया, याकडे लक्ष ठेवा. शंका असेल तर बेरियम (एक्स-रेवर उठून दिसणारा पदार्थ) मिसळलेला घास देऊन गिळण्याची क्रिया एक्स-रेवर चालू असतानाच पाहतात.

तोवर ताठ बसवून लहान घोट द्या, जेवताना टीव्ही बंद, आणि दात-तोंड रोज स्वच्छ, कारण तोंडातले जंतूच फुफ्फुसात उतरतात. हनुवटी खाली झुकवून गिळायला लावणं किंवा पाणी दाट करणं मात्र तपासणीशिवाय नको. सगळ्यांना ते मानवत नाही.

थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, तेही विचारा.