आईसोबत टोकियो-क्योतो: हॉटेल कुठलं, पास घ्यावा का?

प्रश्न: एप्रिलमध्ये आईला घेऊन आधी टोकियो, मग क्योतो. तिचे गुडघे दुखतात, म्हणून पैसे हॉटेलवरच खर्चायचेत. स्टेशनजवळचं सुचवा. रेल्वे पास घेऊ का?

उत्तर १: ताई, टोकियो स्टेशन हॉटेल बघा. १९१५ साली सुरू झालेलं, स्टेशनच्या लाल विटांच्या इमारतीतच. घुमटाकडची खोली मागा. खिडकीतून खाली प्रवाशांची लगबग दिसते, आई रमतील. बॅगा मात्र ओढू नका, हॉटेलातूनच कुरिअरने क्योतोला पाठवा. बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतात.

उत्तर २: एवढ्यासाठी पास नको. २०२३च्या दरवाढीत ७ दिवसांचा साधा पास ५०,००० येनचा झाला. एकेरी तिकीट साधारण १४,०००. नोझोमी या वेगवान बुलेट ट्रेनने सव्वादोन तास. फुजीसाठी उजवीकडची ‘ई’ सीट.

प्रश्नकर्ती: ‘ई’ सीटच घेते! आईला फुजी दाखवायचाच आहे.